‘तुमचं बरोबर आहे, पण ते तुमच्या घरासाठी’

पत्राचा सारांश

पत्र लिहिणाऱ्या ताई आहारशिक्षिका आहेत. कमी उत्पन्नाच्या वस्तीत दर आठवड्याला बायकांसाठी सत्रं घेतात. संतुलित आहार, मुलांचं खाणं, मीठ-साखर-तेल असे विषय असतात. बायका येतात, ऐकतात, माना डोलावतात. सत्राआधी आणि सत्रानंतर एक छोटी चाचणी होते आणि तिच्यात गुण चांगलेच वाढतात. पण घरी गेल्यावर मुलांच्या हातात तीच बिस्किटं, तीच गोड पेयं आणि रात्री पाकिटातले नूडल्स. ‘कितीही सांगा, त्यांना समजत नाही,’ असं ताईंनी पत्रात दोनदा लिहिलंय. मध्यंतरी भर सत्रात एक बाई म्हणाल्या, ‘मॅडम, तुमचं सगळं बरोबर आहे, पण ते तुमच्या घरासाठी.’ सगळ्या हसल्या. ताईंना ते लागलं. एक सहकारी सांगते, ‘या लोकांना आरोग्याची किंमत नाही, जरा भीती घाल.’ दुसरा म्हणतो, ‘पोटाची भ्रांत असलेल्यांना पोषण शिकवणं हाच क्रूरपणा आहे, सोड हे काम.’ ताई विचारतात: मी शिकवायला कमी पडते, की हे शिकवणंच निरर्थक आहे? शेवटी त्यांनी असंही लिहिलंय, की दमून घरी गेल्यावर त्या स्वतःही कित्येकदा पाकीटच फोडतात आणि हे कुणाला सांगायची सोय नाही.

उत्तर

ताई, नमस्कार.

‘त्यांना समजत नाही’ हे तुम्ही दोनदा लिहिलंत आणि त्याच पत्रात चाचणीचे वाढलेले गुणही कळवलेत. मग समजत नाही असं कसं म्हणायचं? कोणत्या पेयात साखर जास्त, जेवणात काय काय असावं, मुलांना दिवसातून किती वेळा खायला द्यावं, हे तुमच्या वर्गातल्या बायकांना आता नीट सांगता येतं. म्हणजे शिकवण्यात तुम्ही कमी पडलेल्या नाही. माहिती पोचली आहे आणि तरीही घरात काही हललेलं नाही. याचा अर्थ, अडचण माहितीची असेल हा तुमच्या सगळ्या सत्रांमागचा अंदाजच तपासून बघायला हवा.

तो अंदाज तुमच्या एकटीचा नाही, आणि आजचाही नाही. १९३० च्या दशकात ब्रिटनमध्ये याच प्रश्नावर मोठा वाद झाला होता. गरीब घरांतल्या कुपोषणाचं खापर सरकारी वर्तुळातून आयांच्या अज्ञानावर फोडलं जाई. त्यांना खरेदी कळत नाही, स्वयंपाक येत नाही, असा सूर असे. जॉन बॉइड ऑर या डॉक्टरांनी १९३६ मध्ये कुटुंबांचं उत्पन्न आणि आहार यांची आकडेवारी शेजारी शेजारी मांडली. उत्पन्नाच्या पायऱ्या चढत जाल तसा आहार सुधारत जातो, असं त्यात उघड दिसत होतं. पुढे युद्धकाळात, १९४० मध्ये, तिथे गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायांना आणि पाच वर्षांखालच्या मुलांना स्वस्तात, नाहीतर फुकट दूध देण्याची योजना सुरू झाली. ते दूध घ्यायला कुणाला चाचणी द्यावी लागली नाही. हेच बॉइड ऑर १९४५ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि कृषी संघटनेचे पहिले महासंचालक झाले आणि १९४९ मध्ये त्यांना शांततेचं नोबेल मिळालं.

त्याच संघटनेच्या २०२० च्या अहवालात एक हिशेब आहे. नुसतं पिठूळ धान्य खाऊन दिवसाची ऊर्जा भागवायची तर जेवढा खर्च येतो, त्याच्या जवळजवळ पाचपट खर्च सर्वांगाने चांगल्या आहाराला येतो. आणि २०२४ सालचा अंदाज असा, की जगातल्या सुमारे २६० कोटी माणसांना असा आहार परवडत नाही. तुमच्या सत्रात बसणाऱ्या बायका या २६० कोटींतल्या असतील तर त्यांच्यासमोर भरलेल्या ताटाचं रंगीत चित्र धरणं म्हणजे काय, याचा विचार करा. मी हे टोचून बोलत नाही. ते चित्र तुमच्या हातात संस्थेने दिलंय, तुम्ही काढलेलं नाही.

आता तुम्ही म्हणाल, बिस्किटं आणि गोड पेयांना तरी पैसे लागतातच की! तेच पैसे फळांवर का नाही जात? प्रश्न रास्त आहे. पत्रातला खरा राग इथेच आहे, असं मला वाटतं.

एका आईच्या जागी बसून बघा. हातात मोजके पैसे आहेत. तुमच्या सत्रातून उत्साहाने घरी जाऊन तिने मुलाने कधी न खाल्लेली एक भाजी आणली. निवडली, चिरली, गॅस जाळला, वाटीत वाढली. मुलाने एक घास तोंडात घेतला, जिभेने पुढे ढकलला आणि ओठ घट्ट मिटले. तिने पुन्हा चमचा नेला, त्याने मान फिरवली. वाटीतलं तसंच राहिलं. हे तुमच्या किंवा माझ्या घरी घडलं तर आपण ‘नको तर नको’ म्हणून दुसरं काहीतरी देतो आणि ते उरलेलं मोठ्यांपैकी कुणीतरी संपवतं. तिच्या घरी ‘दुसरं काहीतरी’ नसतं. भाजीचे पैसे गेले, गॅस गेला, मूल उपाशी झोपलं आणि वर नवऱ्याची नाहीतर सासूची बोलणी. पुढच्या वेळी ती काय आणेल? मूल नक्की खाईल तेच आणेल.

केटलिन डॅनियल या समाजशास्त्रज्ञ बाईंनी अमेरिकेत बॉस्टन भागातल्या पालकांशी बोलून नेमकं हेच मांडलं. त्यांचा अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. मुलांना नवा पदार्थ आवडायला लागेपर्यंत तो आठ ते पंधरा वेळा समोर यावा लागू शकतो, असं बालआहाराचे अभ्यासक सांगतात. म्हणजे तितक्या वेळा तो वाया जाऊ शकतो. बऱ्या परिस्थितीतले पालक हा तोटा सोसतात, कारण तो त्यांच्या लक्षातही येत नाही. गरीब पालक तो टाळतात. त्यांना भाजीचं महत्त्व चांगलं ठाऊक असतं. वाया गेलेल्या अन्नाचंही ठाऊक असतं, आणि त्या दोहोंत दुसरं जास्त जवळचं असतं. तुमच्या चाचणीत हा हिशेब कुठल्याच प्रश्नात बसत नाही.

बिस्किटांचं आणखी एक आहे. प्रिया फील्डिंग-सिंग या अभ्यासक बाईंनी कॅलिफोर्नियात श्रीमंत आणि गरीब, दोन्ही घरांतल्या पालकांशी आणि मुलांशी बोलून २०१७ मध्ये एक निरीक्षण लिहिलं. गरीब घरातल्या आईला मुलाच्या बहुतेक मागण्यांना ‘नाही’ म्हणावं लागतं. सायकल नाही, सहल नाही, नवे बूट नाहीत. खाऊची मागणी मात्र तिच्या आवाक्यातली असते. तिथे तिला ‘हो’ म्हणता येतं आणि मुलाचा चेहरा खुललेला बघता येतो. श्रीमंत घरात उलट. तिथे ‘हो’ म्हणायला शंभर गोष्टी असतात, म्हणून गोड पेयाला ‘नाही’ म्हणणं म्हणजे चांगलं पालकत्व ठरतं. तुम्ही सत्रात बिस्किटाचा पुडा हातात धरून ‘हे विष आहे’ म्हणता तेव्हा त्या आईच्या कानावर पोषणाचा मुद्दा पडत नाही. आपल्या मुलाला दिवसभरात जी एक खुशी आपण देतो, तिच्यावर कुणीतरी बोट ठेवलं, एवढंच तिला ऐकू येतं. ती मान डोलावते, कारण तुमच्याशी वाद घालून तिला काय मिळणार?

म्हणून पहिल्या सहकारी बाईंचा भीती घालण्याचा सल्ला माझ्या मते सरळ बाजूला ठेवावा. मधुमेहाची, किडनीची, मुलाची वाढ खुंटण्याची भीती त्या घरात आधीच आहे. भीतीमुळे माणूस काही करतो, पण कधी, तर करण्याजोगं काही हाताशी असेल तेव्हा. ते नसेल तर तो ऐकणं बंद करतो. तुमच्या सत्राला येणंही बंद करेल. आणि ‘त्यांना आरोग्याची किंमत नाही’ या वाक्याबद्दल काय सांगू? आजारी पडलं की ज्यांची रोजची कमाई बुडते, त्यांच्याइतकी आरोग्याची किंमत दुसऱ्या कुणाला मोजावी लागत नाही.

दुसऱ्या सहकाऱ्याचं म्हणणं वरवर सहानुभूतीचं आहे, म्हणून त्याच्याशी जास्त सावधपणे वागायला हवं. ‘गरिबीत काहीच शक्य नाही’ हेसुद्धा न विचारता काढलेलं अनुमान आहे. तेही त्या बायकांना मठ्ठ समजतं, फक्त प्रेमाने. व्हिएतनामचं उदाहरण याला चांगलं उत्तर आहे. डिसेंबर १९९० मध्ये जेरी आणि मोनिक स्टर्निन हे दांपत्य एका बालकल्याण संस्थेतर्फे तिथे गेलं. कुपोषणावर काहीतरी करून दाखवा म्हणून सरकारने त्यांना सहा महिने दिले होते. पैसा फारसा नव्हता. थान्ह होआ प्रांतातल्या गावांत त्यांनी गावकऱ्यांकडूनच मुलांची वजनं करून घेतली आणि विचारलं, अगदी गरीब घरांतलं असं कुणाचं मूल आहे का, की ज्याचं वजन चांगलं आहे? होती अशी मुलं. मग गावातल्याच लोकांनी त्या घरी जाऊन पाहिलं. त्या आया भाताच्या खाचरातली बारीक कोळंबी आणि खेकडे आणि रताळ्याच्या वेलीचा पाला मुलांच्या जेवणात घालत होत्या. हे सगळं फुकट मिळणारं होतं, पण लहान मुलांना ते चालत नाही अशी गावाची समजूत होती. शिवाय त्या मुलांना तेवढंच अन्न जास्त वेळा विभागून देत होत्या आणि भरवण्याआधी हात धुवत होत्या.

यापुढचा भाग मला जास्त महत्त्वाचा वाटतो. स्टर्निन दांपत्याने या माहितीचं भाषण केलं नाही. ज्यांची मुलं अशक्त होती त्या आयांना एकत्र जमवून रोज स्वयंपाक करायला लावला, आणि येताना मूठभर कोळंबी, खेकडे नाहीतर पाला घेऊन येणं हीच तिथली प्रवेश फी ठेवली. घरी जाईपर्यंत हाताला सवय झालेली असे आणि मुलाने तो पदार्थ खाल्लेला डोळ्यांनी बघितलेला असे. हे ऐकून उद्या तुमची संस्था ‘आपणही कोळंबी वाटू’ म्हणेल, तर त्यांना थांबवा. उचलायचा आहे तो त्यांचा शोधण्याचा मार्ग. तुमच्या वस्तीतसुद्धा त्याच पैशांत, त्याच एका चुलीवर मुलांना बऱ्यापैकी खाऊ घालणाऱ्या दोन-तीन बाया असतील. त्यांना काय जमतं ते तुम्हाला माहीत नाही, कारण आजवर सत्रात बोलायचं काम तुमच्याकडे होतं.

तेव्हा पुढचं सत्र प्रश्नांनी सुरू करा. ‘काल काय खाल्लं?’ हा प्रश्न नको. त्याचं उत्तर तुम्हाला खूश करणारं मिळेल. ‘काल घरी सगळ्यात आधी कोण आलं? त्या वेळी घरात काय होतं? स्वयंपाकाला किती वेळ मिळाला? पाणी कधी येतं? उरलेलं कुठे ठेवता?’ असं विचारा. अर्ध्या तासात तुम्हाला जे कळेल, ते प्रशिक्षणात कुणी सांगितलेलं नसेल. एखादीकडे फ्रिज नसेल, एखादीची कामाची पाळी रात्री दहाला सुटत असेल, एखादीला भाड्याच्या खोलीत फोडणी द्यायला घरमालकीण परवानगी देत नसेल. मग तुमच्या पत्रकावरची प्रत्येक पाककृती एकाच कसोटीवर लावा: एक शेगडी, तीस मिनिटं, फ्रिज नाही आणि उरायचं काही नाही. जी यात बसत नाही ती काढून टाका, कितीही पौष्टिक असली तरी.

एलिन सॅटर या आहारतज्ज्ञ बाईंनी २००७ मध्ये अन्नाच्या गरजांची एक उतरंड मांडली, ती इथे उपयोगी पडते. सगळ्यात खाली पुरेसं अन्न. मग आपल्याला चालेल असं अन्न. मग ते उद्याही मिळेल याची खात्री. त्यावर चव, त्यावर नावीन्य, आणि अगदी शेंड्याला आरोग्यासाठी म्हणून निवडलेलं अन्न. तुमचं सत्र शेंड्यावरून सुरू होतं आणि समोरच्या बायका पहिल्या-दुसऱ्या पायरीवर उभ्या असतात. महिनाअखेरीला घरातलं संपत असेल तर त्या आठवड्याचं सत्र शेवटचे दिवस काढायचे कसे, शासकीय योजनेतलं हक्काचं धान्य किंवा मुलांचं शाळेतलं जेवण मिळतंय का, नसेल तर अर्ज कुठे द्यायचा, यावरच घ्या. त्यात जीवनसत्त्वाचा शब्दही आला नाही तरी ते पोषणाचंच सत्र आहे. वरिष्ठांनी विचारलं तर तसं ठणकावून सांगा.

चवीचा धोका घरावरून उचलून संस्थेवर टाका. वर सांगितलेल्या वाया जाण्याच्या हिशेबावर मला दिसणारा सगळ्यात सरळ उपाय हाच आहे. पत्रकं छापायला जो पैसा जातो, त्यातला काही चाखण्यावर खर्च करा. मुलं सत्राला येतातच, आयांच्या मागेपुढे खेळत असतात. नवा पदार्थ तिथेच करा, चमचाभर द्या, जबरदस्ती नाही, थुंकला तर थुंकला. पुढच्या आठवड्यात तोच पदार्थ पुन्हा. तुम्हाला कंटाळा येईल, कारण नवनवीन विषय घेतल्याशिवाय सत्र घेतल्यासारखं वाटत नाही. तरी तोच ठेवा. दहाव्या वेळी एखादं मूल दुसरा चमचा मागेल आणि त्याची आई ते बघेल. मग ती घरी आणेल, कारण आता तिचे पैसे बुडणार नाहीत.

ज्या सुधारणांना जादा पैसे लागत नाहीत किंवा उलट वाचतात, त्या आधी घ्या. गोड पेयं कमी करणं त्यातलं एक. जागतिक आरोग्य संघटना म्हणते, की वरून घातलेली साखर दिवसाच्या ऊर्जेच्या १० टक्क्यांपेक्षा कमी असावी. मोठ्या माणसासाठी हे साधारण ५० ग्रॅमच्या आत येतं, आणि बाजारातल्या ३३० मिलीच्या एका गोड पेयात ३५ ग्रॅमच्या आसपास साखर असते. लहान मुलाची मर्यादा याहून कितीतरी कमी. पण हे सांगण्याआधी वस्तीत प्यायचं पाणी भरवशाचं आहे का, ते बघा. पाणी गढूळ येत असेल तर बाटलीबंद पेय घेणाऱ्या आईला दोष देता येत नाही. कडधान्य रात्रभर भिजवलं की शिजायला वेळ आणि गॅस कमी लागतो. लोहयुक्त पालेभाजी किंवा कडधान्याबरोबर थोडं आंबट फळ खाल्लं तर लोह जास्त अंगी लागतं, आणि जेवताना चहा-कॉफी टाळली तरीही. मीठ माणशी दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे एका छोट्या चमच्याच्या आत. पाकिटातल्या नूडल्सचं मीठ बहुतेक मसाल्याच्या पुडीत असतं, म्हणून अर्धीच पुडी घालून त्यात हाताशी असेल ती भाजी किंवा अंडं घाला, असं सांगा. नूडल्स बंद करा म्हणण्यापेक्षा हे ऐकलं जाईल. आणि हे सांगताना ‘आमच्याकडेही रात्री कधी कधी हेच होतं’ असं सहज म्हणा. पश्चात्तापाचा आव आणू नका, त्यात तुम्हीच पुन्हा मध्यभागी याल. दमलेली बाई पाकीट फोडते, एवढं वर्गात मोकळेपणी बोललं गेलं तरी पुष्कळ झालं.

वजनाबद्दल एक सांगते, कारण अशा सत्रांत हे सर्रास होतं. मोठ्या बायकांची वजनं सगळ्यांसमोर करू नका, आणि ‘सुटलेल्या’ शरीरावर विनोद तर नकोच नको. स्वस्त अन्नात ऊर्जा भरपूर आणि बाकी सत्त्व कमी असतं, त्यामुळे एकाच घरात आईचं वजन जास्त आणि रक्त कमी असं असू शकतं. तिच्याकडे बघून ‘खाणं कमी कर’ म्हणणं चुकीचंही आहे आणि धोक्याचंही. मुलाचं वजन वाढत नसेल, पायावर सूज असेल, बाई गरोदर आणि फिकट असेल, कुणाची साखर सतत वाढलेली असेल, तर सत्रातला सल्ला पुरत नाही. त्यांना आरोग्य केंद्रात पाठवा, जमलं तर पहिल्यांदा बरोबर जा.

काही गोष्टी वर्गात सुटतच नाहीत, हेही मान्य करायला हवं, म्हणजे त्यांचं ओझं तुम्ही उगाच वाहणार नाही. गलगंडाचं घ्या. १९२२ पासून स्वित्झर्लंडच्या काही भागांत आणि १९२४ पासून अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात मिठात आयोडीन मिसळून विकायला सुरुवात झाली आणि शाळकरी मुलांमधला गलगंड झपाट्याने कमी झाला. तेच मीठ, त्याच हातांनी, त्याच भांड्यात पडत होतं. कुणाला सवय बदलावी लागली नाही. दुसरीकडे, नुसती सोय केल्यानेही भागत नाही. अमेरिकेत गरीब वस्त्यांत मोठी सुपरमार्केटं उघडली म्हणजे आहार सुधारेल असं पुष्कळांना वाटे. २०१९ मध्ये अर्थशास्त्रज्ञांनी खरेदीच्या नोंदी तपासल्या तेव्हा लोक नव्या दुकानात गेले, पण टोपलीतला माल जवळपास तोच राहिला. पैसा, वेळ, सवय आणि माहिती यांतलं एकच एक खेचून गाडा हलत नाही. तुमच्या वाट्याला यातला जो तुकडा आलाय तो छोटा आहे, पण बिनकामाचा नाही.

त्या तुकड्याचा एक उपयोग तुमच्या अजून लक्षात आलेला दिसत नाही. चाचणीच्या कागदावर दोन प्रश्न जोडा: ‘या आठवड्यात काय करून बघितलं?’ आणि ‘कुठे अडलं?’ दुसऱ्या प्रश्नाची उत्तरं वहीत टिपत जा. पाणी, गॅस, कामाची पाळी, मुलाने खाल्लं नाही, नवऱ्याने नावं ठेवली, दुकान लांब, उधारी त्याच दुकानात मिळते आणि तिथे भाजी नसते. दोन-तीन महिन्यांत वहीत काहीतरी आकार दिसायला लागेल. ‘पंचवीस जणींपैकी अठरा जणी पाण्यापाशी अडल्या’ हे वाक्य संस्थेच्या बैठकीत, नगरसेवकासमोर, आरोग्य अधिकाऱ्यासमोर ठेवता येतं. ‘लोक ऐकत नाहीत’ हे वाक्य कुठेच ठेवता येत नाही.

आणखी एक मागणी संस्थेकडे जरूर करा. अमेरिकेत १९६९ मध्ये गरीब कुटुंबांसाठी सरकारी पोषणशिक्षणाचा एक कार्यक्रम सुरू झाला, तो अजून चालू आहे. शिकवण्यासाठी वस्तीतल्याच बायका निवडून, त्यांना प्रशिक्षण देऊन पगारावर घ्यायचं, असं त्याचं धोरण पहिल्यापासून होतं. तुमच्या वर्गातली एखादी हुशार बाई बरोबर घ्या आणि तिला मानधन मिळवून द्या. ‘सेवाभाव’ म्हणून फुकट राबवू नका. ज्या घरात पैशाची चणचण हेच मूळ दुखणं आहे, तिथल्या बाईला आरोग्यासाठी बिनपैशाचं काम सांगणं शोभत नाही.

काम सोडावं का, याचं उत्तर मी आत्ता ‘नाही’ असं देईन. जे काम तुम्ही सोडायचं म्हणता ते अजून या पद्धतीने करून बघितलेलं नाही. एक तुकडी अशी घेऊन बघा. संस्थेने पाककृती बदलू दिल्या नाहीत, चाखण्याला पैसे दिले नाहीत, फक्त हजेरीपट आणि गुण मागत राहिली, तर मात्र दुसरी जागा शोधा. त्यात तुमचा पराभव मानायचं कारण नाही.

राहिल्या ‘ते तुमच्या घरासाठी’ म्हणणाऱ्या त्या बाई. त्या तुमच्यावर हसल्या, असं तुम्हाला वाटलं. मला वाटतं, बाकीच्या मनात जे होतं ते त्यांनी सगळ्यांच्या वतीने बोलून दाखवलं, आणि तुमच्यासमोर बोलायची भीती वाटली नाही म्हणूनच बोलल्या. त्यांच्याशी सत्राबाहेर बोला. ‘त्या दिवशी तुम्ही म्हणालात ते मला पटलं. तुमच्या घरासाठी काय बरोबर ठरेल, ते मला सांगाल का?’ एवढंच विचारा आणि मग गप्प बसा. लगेच दुरुस्ती करायला जाऊ नका, त्यांनी सांगितलेलं पोषणाच्या दृष्टीने चूक वाटलं तरी. आणि त्यांनी सांगितलेलं पुढच्या सत्रात वापरणार असाल तर आधी त्यांना विचारून घ्या. नाव घेऊ का, हेही विचारा. काही जणींना आवडतं, काही जणींना घरी त्यावरून ऐकून घ्यावं लागतं.